चार दिव्यांची पिकअप

फिलोमेना आव्हिला दारात आली तेव्हा ओडेत फुर्ताडो गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. एकतीस वर्षं खासगी तपासाचं काम करून तिला आता लोकांच्या खोटेपणापेक्षा त्यांच्या घरांच्या पायऱ्यांचा जास्त राग येई.

"ओडेतमावशी, बाबांना धरून नेलं," सतरा वर्षांची ती पोर म्हणाली. "त्यांनी कुणाला उडवलेलं नाही हो. त्यांचं टँकर चालवायचं लायसन्स गेलं तर आम्ही खायचं काय?"

कोपऱ्यात वेंडेल प्रुइट कॉफी ढवळत होता. जन्मभर शाळेची बस चालवली, आता ओडेतची गाडी चालवायचा. तिचं डोकं पळू लागलं की हा नेहमी दोन थांबे मागे. पण माणूस सोन्यासारखा. फिलोमेनाला गाडी त्यानेच शिकवली होती.

"शुक्रवारी परीक्षा पास झालीस ना?" दुसरं काही सुचेना म्हणून त्याने विचारलं.

"झाले."

"होणारच! गुरुवारी संध्याकाळी माझ्या कोठाराच्या भिंतीसमोर सगळे दिवे लावून घेतले हिच्याकडून. हिच्या बाबांची गाडी तेवढी म्हातारी झालीय. अप्पर लावला की खालचे फॉगलाइट गपकन विझायचे."

"दिव्यांचं राहू दे," ओडेत म्हणाली. "मेना, काय झालं ते सांग."

शनिवारी पहाटे खोऱ्यात धुकं उतरलं होतं. इपोलितो बारागान गोठ्यातली रात्रपाळी आटोपून सायकलवरून घरी निघाला होता. कालव्याच्या पुलापाशी पिकअपने त्याला मागून उडवलं. कंबर मोडली, जीव वाचला, पण त्याने पाहिलं काहीच नाही. पळणारी गाडी पाहिली एकट्या दुआर्ते माटोसने, आणि ती बाबांची असल्याचं त्यानेच सांगितलं. तो आव्हिलांचा शेजारी आणि फिलोमेनाचा धर्मपिता. तिला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलं होतं.

तुरुंगात सेलेस्तिनो आव्हिला दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"मी, दुआर्ते आणि शेजारची इल्दा, तिघांनी एकाच लिलावात तीन सारख्या पिकअप घेतल्या," तो म्हणाला. "कारखान्याची वायरिंगच अशी, की अप्पर लावला की फॉगलाइट बंद. मी ती बदलली. चारही दिवे एकदम! दोन वर्षं मिरवलं, यांना चिडवून चिडवून हैराण केलं."

"अजून तशीच आहे?"

"नाही ना! मेनाच्या परीक्षेत गाडीत खोट निघू नये म्हणून गुरुवारी दुपारी पूर्ववत केली. बोललो नाही कुणाला. एवढी मिजास मारल्यावर कुठल्या तोंडानं सांगू? आता शेरीफची माणसं म्हणतात, कुणीतरी पळणारी गाडी चार दिव्यांसकट पाहिली, आणि धडक दिल्यावर पुरावा लपवायला तू वायरिंग काढलीस. बंपरला पोचे आहेतच. ते कधी नव्हते?"

बाहेर येताना वेंडेलने उसासा टाकला. "बिचारा! अडकला की माणूस काहीही बोलतो."

ओडेतने त्याच्याकडे पाहिलं आणि ती गाडीत बसली.

विधवा इल्दा ब्राझिलची पिकअप नाताळापासून विटांवर चढवलेली होती. आत कोंबड्या अंडी घालत होत्या.

"सेलेस्तिनोने उडवलं? धुक्यात त्याच्यापुढे माझ्या कोंबड्या जातील! डिपर आणि फॉगलाइट लावून मुंगीसारखा सरकतो."

"अप्पर नाही लावत?"

"धुक्यात अप्पर? अगं बाई, समोर चुन्याची भिंतच उभी राहते. इथल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं ते."

दुआर्तेने त्यांना कॉफी आणि गोड पाव दिला. डोळे सुजलेले होते.

"फाटकाशी उभा होतो. धाडकन आवाज आला. मग अप्परचा झोत डोळ्यांवर, आणि खाली दोन्ही फॉगलाइट पेटलेले. चारही एकदम! अशी गाडी एकच, सेलेस्तिनोची. तो वायरी जोडत होता तेव्हा टॉर्च मीच धरला होता. जीव तुटतो हो, पण खोटं कसं बोलू?"

अंगणात त्याची चिखलाने माखलेली पिकअप होती. एक फॉगलाइट दुधाळ पडलेला, दुसरा लख्ख.

"एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय वाटतं!" वेंडेल हसला. दुआर्ते हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडेतने दुआर्तेच्याच स्वयंपाकघरात फिलोमेनाला आणि उपशेरीफ लोटनला बोलावलं.

"बसूनच बोलते, उभं राहवत नाही," ती म्हणाली. "दुआर्ते, धुक्यात डिपर आणि फॉगलाइट लावले तर तिन्ही पिकअप कशा दिसतील?"

"सारख्याच."

"बरोबर. म्हणजे सेलेस्तिनोचं नाव घ्यायचं तर तुला अप्पर दाखवणं भाग होतं. अप्पर लावला तरच त्याची गाडी वेगळी दिसायची. पण अप्पर लावून धुक्यात इथलं कुणी गाडी हाकत नाही. तूही चाळीस वर्षांत हाकली नसशील."

"घाबरून लावला असेल त्याने!"

"लावू दे. तरी चार दिवे पेटले नसते. वेंडेल, गुरुवारी संध्याकाळी भिंतीवर काय पाहिलंस?"

"अप्पर लावला की फॉगलाइट विझत..." वेंडेलचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे गाडी म्हातारी नव्हती?"

"गाडी कारखान्यातून आली तशी झाली होती. सेलेस्तिनो खरं बोलत होता. धडकेच्या दीड दिवस आधीच वायरिंग काढलेली होती. हे दुआर्तेला ठाऊक नव्हतं. त्याने शनिवारी जे पाहिलं म्हणून सांगितलं, ते शनिवारी दिसणंच शक्य नव्हतं. आणि शेजाऱ्याला खोटं अडकवायची गरज कुणाला? इल्दाची गाडी विटांवर आहे. राहिली एकच." ती खिडकीकडे वळली. "तुझ्या गाडीचा एकच फॉगलाइट नवा कसा, दुआर्ते? जुना कुठे टाकलास?"

दुआर्ते टेबलावर डोकं टेकून रडू लागला.

"कालव्यात टाकला. दारू पिऊन चालवताना मला दोनदा धरलंय. तिसऱ्यांदा सुटलो नसतो. सेलेस्तिनोची पाटी कोरी. वाटलं, त्याला समज देऊन सोडतील."

लोटनने त्याला उठवलं तेव्हा फिलोमेनाने फक्त वाटेतली खुर्ची बाजूला घेतली. वेंडेलला ते पाहवेना.

तुरुंगाकडे बाबांची पिकअप फिलोमेनानेच चालवली. "बाबांना आधी काय सांगू, मावशी?"

"सुटलात म्हणून सांग. पुढचं तेच विचारतील," ओडेत डोळे मिटून म्हणाली. कोडं सुटल्याचा आनंद तिला झाला नव्हता.

दुपारी सेलेस्तिनो बाहेर आला. मुलीला छातीशी धरून ढसाढसा रडला. मग डोळे पुसत त्याने तिच्या खांद्यावरून पार्किंगभर नजर फिरवली.

"दुआर्ते कुठाय? तो नाही आला मला न्यायला?"