सव्वा दोन मिनिटांचं कडवं

नवनगरच्या थांब्यावर चिगरी अडली, ती एका गिटारमुळे.

हुबळी आणि धारवाडच्या मधे धावणाऱ्या एसी बसला इथे सगळे चिगरी म्हणतात, म्हणजे हरिण. तिची दारं आपोआप मिटतात, आणि मधे काही आलं की परत उघडतात. त्या सकाळी ती मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती. ड्रायव्हर कन्नडमधून सगळ्यांना मागे सरकायला सांगत होता, आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. दारात अडकलं होतं एका लांब काळ्या पेटीचं टोक. पेटी ज्याच्या पाठीवर होती तो मात्र पुढे तोंड करून उभा. बोटांनी खांबावर ताल धरलेला, डोळे अर्धे मिटलेले.

"अहो," मी म्हणाले, "तुमची पेटी दारात आहे."

तो गर्रकन वळला. त्याच्याबरोबर पेटीही वळली आणि शेजारच्या आजोबांची टोपी खाली पडली. त्याने टोपी उचलली, झटकली, आजोबांच्या डोक्यावर ठेवली आणि मग माझ्याकडे बघितलं. दार मिटलं.

"आधी सांगायचं ना!"

"तुमच्या किती वेळात लक्षात येतंय ते बघत होते." मी गळ्यातलं स्टॉपवॉच वर धरलं. "दोन मिनिटं सोळा सेकंद."

"मोजलंत तुम्ही?"

"मोजते मी. सवय आहे."

"मग सव्वा दोन म्हणा की. म्हणायला बरं वाटतं."

"सोळा म्हणजे सोळा," मी म्हणाले आणि विद्यानगरला उतरले.

स्टॉपवॉच आईचं. ती धारवाडला शाळेत खेळाची शिक्षिका आहे; तिने पळणाऱ्या मुली मोजल्या, मी शॉट मोजते. विद्यानगरच्या कॉलेजात फिल्म शिकते, शेवटचं सेमिस्टर. शेवटच्या सेमिस्टरला एकच मोठं काम असतं : एका बॅंडसाठी म्युझिक व्हिडिओ करायचा आणि ठरलेल्या मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत अपलोड करायचा. पाच वाजून एक मिनिटाला पोर्टल बंद. मग सहा महिने पुन्हा तेच सेमिस्टर.

महिन्याभराने आमच्या वाट्याला बॅंड आला 'उलटा पंखा'. मार्केटातल्या एका स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर, माळ्यावरच्या गोदामात ते वाजवतात. तिथला पंखा खरोखरच उलटा फिरतो. जिना चढून वर गेले, तर ड्रमच्या मागे चेतन नावाचा एक हसरा मुलगा, आणि समोर, बेस गिटार गळ्यात अडकवून — तो.

"सोळा सेकंद!" तो म्हणाला.

"वेदश्री," मी म्हणाले.

"प्रभंजन. खालचं दुकान आमच्या अप्पांचं. सांगलीहून आजोबा आले तेव्हापासूनचं." मग जरा थांबून, "पेटी आज कोपऱ्यात ठेवली आहे. दारापासून लांब."

पुढच्या तीन आठवड्यांत चेतन मला वेदक्का म्हणू लागला. कॅमेरा सांभाळणारी माझी मैत्रीण दीपश्री, तीही चेष्टेने वेदक्का म्हणू लागली. एकटा प्रभंजन वेदश्रीच म्हणायचा. पूर्ण नाव, सावकाश, जणू त्यातलं एकही अक्षर सांडायला नको.

"तू का नाही अक्का म्हणत?" मी एकदा विचारलं.

"घरी एक आहे अक्का," तो गिटारची तार पिळत म्हणाला. "पुरे."

गाणं चांगलं होतं. तिसरं कडवं सोडून. पहिली दोन या गावांची, लोकांची, आणि तिसऱ्यात अचानक ढग.

"ढगांचं कडवं जरा साधारण आहे," मी सांगितलं.

चेतन खोकला. प्रभंजन म्हणाला, "आधी दुसरं होतं. काढून टाकलं."

"का?"

"बसत नव्हतं."

मी वहीत लिहून घेतलं : कडवं तीन, ढग. आणि त्यावर शॉट बांधला.

शूटिंगला अळणावर गावातला लाकडाचा डेपो मिळाला. मालक संजीवअण्णा दीपश्रीच्या वडिलांचे मित्र. त्यांनी एकच अट घातली : रविवार तुमचा, सोमवारी लिलाव. सगळे ओंडके उचलले जाणार. माझ्या डोक्यात एकच दृश्य होतं. सागवानाच्या थप्प्यांमधून प्रभंजन गात चालत येतो आणि वरून लाकडाचा भुसा पडतो, अगदी हळू, पिसासारखा. एकच शॉट, कुठेही न तोडता. सगळं तिसरं कडवं त्यात.

त्यासाठी एक युक्ती असते. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्या वेगाने ओठ हलवायचे, आणि नंतर चित्र निम्म्या वेगावर आणायचं. भुसा तरंगतो, ओठ मात्र बरोबर गाण्यावर पडतात. मी शनिवारी फाइल दुप्पट वेगाची करून मोठ्या स्पीकरवर चढवली.

पहिल्यांदा वाजवली तेव्हा सगळे पोट धरून हसले. दुप्पट वेगात प्रभंजनचा भारदस्त आवाज उंदरासारखा झाला होता. एक शब्द कळत नव्हता. प्रभंजन मात्र हसला नाही. स्पीकरकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "घेऊ या."

चेतन थप्पीवर चढून टोपलीने भुसा उधळत होता. मी स्पीकर छातीशी धरून कॅमेऱ्याला चिकटून उभी. तो चालत आला, सरळ माझ्याकडे बघत, ओठ भराभर हलवत. त्याला मीच सांगितलं होतं, कॅमेऱ्याजवळ नजर ठेव म्हणून... तरी मी दोनदा खाली बघितलं.

प्रत्येक टेकनंतर तो केस झटकायचा.

"झटकू नकोस! आधीच्या शॉटमध्ये भुसा होता."

"मग लाव परत."

मी फोनमधल्या फोटोत बघून त्याच्या केसांत भुसा ठेवू लागले. इथे तीन कण, कानामागे एक, भुवईवर थोडा. तो श्वास रोखून उभा.

"भुवईवरचा राहिला," तो पुटपुटला.

"ठेवला."

"फोटोत जास्त आहे."

"साक री, पुरे!" वरून संजीवअण्णांचा आवाज आला. "भुसा लावताय का हळद?"

दीपश्री इतकी हसली की कॅमेरा हलला. सहावा टेक बरोबर आला.

सोमवारी पेपर होता. मंगळवारी सकाळी दहाला मी एडिटिंगला बसले, शॉट निम्म्या वेगावर आणला आणि खाली गाणं ठेवलं. गाण्यात ढग. प्रभंजनच्या ओठांवर भलतंच काहीतरी. एकही शब्द जुळत नव्हता.

कारण सापडायला नऊ मिनिटं लागली. चेतनने दोन फाइल एकदमच पाठवल्या होत्या, महिन्याच्या अंतराने रेकॉर्ड केलेल्या. दोन्हींचं नाव 'फायनल'. मी जुनी दुप्पट केली होती, आणि आकारावरूनच कळत होतं, ती फोनवर घेतलेली कच्ची फाइल होती; व्हिडिओत लावण्यासारखी नव्हती. ज्या मुलीने शॉटचा प्रत्येक सेकंद वहीत लिहिला, तिने फाइलची तारीख बघितली नव्हती. शॉट तोडता येत नव्हता, कारण तोडण्यासारखा दुसरा शॉटच नव्हता. डेपोत आता मोकळं मैदान होतं.

मी प्रभंजनला फोन केला.

"मी जुनं गाणं वाजवलं रविवारी. तू जुनं कडवं गायलास. चूक माझी आहे. एकच उपाय दिसतोय, ते कडवं आज रेकॉर्ड करायचं."

"तू ऐकलंस ते?"

"त्या फाइलीतलं? नाही. आता मूळ वेगात लावून ऐकते, म्हणजे —"

"नको." इतक्या घाईने तो कधी बोलला नव्हता. "मशीनवर नको ऐकूस. दुकानात ये. मी गातो."

लॅपटॉप मांडीवर घेऊन मी रिक्षाने मार्केट गाठलं. माळ्यावर चेतन डब्यांवर, घागरींवर गोधड्या टाकत होता. बेस वाजला की सगळं गोदाम गुणगुणायला लागतं. पंखा बंद केला. प्रभंजनच्या कपाळावर घाम होता.

"तुला कळलं होतं ना रविवारी?" मी विचारलं.

"पहिल्याच टेकला."

"मग बोलला का नाहीस? माझं सेमिस्टर —"

"मला वाटलं, तू दुसरेही शॉट घेशील, जुळवून घेशील." त्याने मान खाली घातली. "सेमिस्टरचा विचार करायला हवा होता. चुकलं. पण सांगितलं असतं तर सगळ्यांनी ते परत लावून ऐकलं असतं. आणि तू समोर स्पीकर धरून उभी होतीस... एकदा तरी तुझ्याकडे बघून म्हणायचं होतं. आवाज कुणाला कळणार होता?"

चेतन घाईने म्हणाला, "मी खाली जाऊन चहा सांगतो," आणि ड्रमच्या काठ्यांसकट गेला.

मी हेडफोन कानाला लावले. बोटं दाखवून मोजलं : तीन, दोन, एक. प्रभंजनने माइककडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

*सव्वा दोन मिनिटं दार उघडं राहिलं,*
*गाडी अडली, लोक चिडले, एकीने घड्याळ पाहिलं.*
*केसांत पेन, गळ्यात दोरी, कपाळावर आठी —*
*मी दारातच उभा आहे अजून, तिच्यासाठी.*

कुठलीतरी गोधडी सरकली असावी. शेवटच्या स्वरावर एक पातेलं बारीक आवाजात वाजत राहिलं. वाजत राहिलं... आणि थांबलं.

मी हात वर नेला. केसांत पेन होतं.

"कसं झालं?" त्याने विचारलं. गाण्याबद्दल नव्हतं ते.

मी पडद्याकडे बघितलं, कारण त्याच्याकडे बघवेना. "दुसऱ्या ओळीत अर्धा सेकंद पुढे गेलास. परत."

"परत?"

"परत."

त्याने दुसऱ्यांदा गायलं, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. चौथ्याला त्याचा आवाज थरथरायचा थांबला होता आणि तो चक्क हसत गात होता. खरं सांगायचं तर दुसराच टेक ओठांवर बरोबर बसला होता.

चहा आला, गेला. मी कडवं शॉटवर ठेवलं. भुसा तरंगत खाली येत होता आणि त्यातून तो येत होता. आता एकेक शब्द त्याच्या ओठांवर होता. दुपारचे साडेतीन. चार वाजता पहिली प्रत निघाली, तिच्यात एक फ्रेम काळी, सव्वाचारला दुसरी. मार्केटातलं नेट गोगलगाईसारखं. आम्ही तिघं डब्यांमधे बसून पडद्यावरची निळी पट्टी बघत होतो. एक्याऐंशी टक्के. ब्याऐंशी. चेतन पुटपुटत कुठल्यातरी देवाला नारळ बोलला.

चार सत्तेचाळीसला पोर्टलवर हिरवी खूण आली.

मी जमिनीवर आडवी झाले, तशीच, स्टीलच्या घागरींमधे. छातीवरचा ओंडका कुणीतरी उचलून नेला असं वाटलं. चेतन जिन्यावरून ओरडत खाली गेला आणि त्याने अप्पांना मिठी मारल्याचं वरपर्यंत ऐकू आलं.

प्रभंजन शेजारी बसला. हातभर अंतर ठेवून.

"कडव्यात एक चूक आहे," मी छताकडे बघत म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "कुठली?"

"सव्वा दोन नव्हती. दोन मिनिटं सोळा सेकंद होती."

तो हळूच म्हणाला, "अजून लक्षात आहे तुझ्या?"

"पहिल्या मिनिटालाच सांगता आलं असतं पेटीचं," मी म्हणाले. "उरलेला वेळ मी... नुसतीच बघत होते."

वर उलटा पंखा कुणीही न लावता वाऱ्याने थोडासा फिरला. कदाचित सुलटा.

सहाच्या चिगरीत आम्ही बरोबर चढलो. गर्दी होती. सवयीने तो दाराशीच थांबला, पेटी पोटाशी धरून. नवनगर आलं, त्याचा थांबा. दार उघडलं. त्याने बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीशी होते. शेजारची जागा नुकतीच रिकामी झाली होती.

मी स्टॉपवॉचला हात लावला नाही.

"दारात उभा राहू नकोस," मी म्हणाले. "आत ये."

तो आला. दार मिटलं, आणि बस वेळेवर निघाली.