शंभर चांदण्या आणि एक मेलेला दात

मी एकशे चाळिसाव्या पानावर होते आणि दवाखान्यात चिटपाखरूही नव्हतं. दातांच्या डॉक्टरला असा अर्धा तास मिळणं म्हणजे पर्वणीच! पाय स्टुलावर, चहा हाताशी, पुस्तक मांडीवर... आणि धाडकन दार उघडलं.

दारात सहा फुटी माणूस. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, तोंडावर रक्ताळलेला रुमाल.

"हुटहॉल," तो म्हणाला.

"काय?"

त्याने रुमाल बाजूला केला. समोरचा वरचा दात अर्धा तुटला होता. "फुटबॉल. शाळेत खेळ शिकवतो मी. मुलींच्या संघाची पेनल्टी होती, आणि मी गोलकीपर."

"गोल झाला का?" मी विचारलं. खरं तर असं विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"नाही!" त्याचे डोळे चमकले. "अडवला. तोंडाने."

मला हसू फुटलं. रुग्णाला हसू नये असं आम्हाला कॉलेजात शिकवलंय, पण असा रुग्ण येईल हे शिकवलं नव्हतं.

एवढा आडदांड गडी, पण भुलीची सुई दिसताच त्याची पाचावर धारण बसली. खुर्चीचे हात त्याने असे आवळले की मला खुर्चीचीच काळजी वाटली.

"डॉक्टर, मी उद्या येऊ का?"

"उद्यापर्यंत तो दात उगवणार नाही, सर. आ करा. आणि ऐका... एका बेटावर एक दीपगृह होतं."

"आँ?"

"दीपगृहाचा रखवालदार आणि त्याची एकुलती एक मुलगी. तिला बेटाबाहेरचं जग बघायचं होतं..."

माझ्या मांडीवरचीच गोष्ट होती ती. मी सांगत गेले, हात काम करत गेले. मुलगी सतराव्या वर्षी मालवाहू जहाजावर चढून निघून जाते, बाप रोज संध्याकाळी दिवा लावून तिची वाट बघतो, इथवर आले तेव्हा दाताची नस उघडी झाली होती आणि सरांच्या हातांनी खुर्चीवरची पकड कधीच सोडली होती. बधिर ओठांनी त्याने विचारलं, "फुढे खाय झालं?"

"पुढच्या मंगळवारी," मी म्हटलं.

पुढचं मी वाचलंच नव्हतं, हे मात्र सांगितलं नाही.

आता त्या तक्त्याबद्दल सांगायलाच हवं. बाहेर, रुग्ण बसतात तिथल्या भिंतीवर, शंभर चौकटींचा एक मोठा तक्ता होता. पुस्तक वाचून झालं की एका चौकटीत एक सोनेरी चांदणी. एक जानेवारीला मी जाहीर केलं होतं, या वर्षी शंभर पुस्तकं! लहानपणी आई जेवायला हाक मारून मारून थकायची आणि मी पुस्तकातून डोकं वर काढायचे नाही, अशी मी होते. मग शिक्षण आलं, दवाखाना आला, आणि गेल्या सहा वर्षांत एक पुस्तक धड पुरं झालं नव्हतं. ती मुलगी मला परत हवी होती. "तक्ता भिंतीवर लावा," दवाखान्यात मदतीला असणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, "चार लोकांनी बघितलं की माणूस नेटाने करतो."

एप्रिलपर्यंत केलंही. मेमध्ये सहाशे पानांचं एक धूड हाती घेतलं आणि तीन आठवडे एकही चांदणी लागली नाही. रुग्ण विचारू लागले, "काय डॉक्टर, थांबलात वाटतं?" मग एक दिवस मी अर्धंच वाचलेलं पुस्तक मिटलं आणि चांदणी लावून टाकली. लोक म्हणाले, वा! दुसऱ्या वेळी ते सोपं गेलं. सर आले त्या जुलैत भिंतीवर पंचावन्न चांदण्या होत्या आणि त्यातल्या किती खऱ्या, हे फक्त मला माहीत होतं.

दीपगृहाचं पुस्तकही त्याच वाटेने गेलं. वाचनालयाची मुदत संपली, मी ते परत केलं, चांदणी लावली. पण मंगळवार आला, आणि सर आ करून डोळ्यांनी विचारू लागले, मग?

मग मी गोष्ट रचली. नऊ वर्षं लोटतात. एका रात्री धुकं इतकं दाटतं की दिव्याचा उजेड दहा पावलंही जात नाही. म्हातारा घंटा बडवत राहतो... तिसऱ्या मंगळवारी, कॅपचं माप घेताना, मी त्या मुलीला घंटेच्या आवाजावर घरी आणलं. मापाचा साचा तोंडात धरून सर निपचित पडले होते आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"दुखतंय?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

कॅप बसली. दात झकास दिसू लागला. काम संपलं. पुढचा मंगळवार मला उगाचच लांबलचक वाटला... आणि संध्याकाळी पाच वाजता सर हजर.

"दुखतंय," तो म्हणाला.

मी आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकून पाहिला. "हा?"

"नाही."

"हा?"

"आई गं! हो, हाच."

"सर, याची नस मी जुलैत काढली. हा दात मेलाय. तो दुखूच शकत नाही."

तो क्षणभर छताकडे बघत राहिला. "मग... आठवण येत असेल त्याला."

"नसेची?"

"मंगळवारची."

मावशी ट्रे धुता धुता खोकल्या. मी मास्क लावला होता ते बरं, नाहीतर माझं तोंड कानापर्यंत गेलेलं साऱ्या दवाखान्याला दिसलं असतं.

त्यानंतर मंगळवार चुकला नाही. कधी हिरडी, कधी दाढ, कधी "सहज, तपासून घ्यावं म्हटलं." मी गोष्टी सांगायचे, काही वाचलेल्या, काही अर्ध्या वाचून रचलेल्या. तो सांगायचा की शाळेनंतर त्याने एकच पुस्तक वाचलंय, फुटबॉलच्या नियमांचं. "पण शेवट कंटाळवाणा होता," तो म्हणायचा. "शेवटी नुसती मैदानाची मापं." एकदा मी त्याच्या तोंडातून कापूस काढत असताना तो एकदम म्हणाला, "डॉक्टर, तुमचे डोळे गोष्ट सांगताना मोठे होतात." मी कापूस परत कोंबला. दुसरं काय करणार? कान इतके तापले होते!

असा ऑक्टोबर उजाडला. चांदण्या चौऱ्याऐंशी.

त्या मंगळवारी सर धावतच आले. बाहेर चार रुग्ण बसलेले, मी आतून कुणाचा तरी एक्स-रे घेऊन बाहेर आलेली. "वाचलं!" तो ओरडला. हातात दीपगृहाचं पुस्तक. "अख्खं! तीनशे बारा पानं! सव्वीस दिवस लागले, पण मी वाचलं!"

त्याचा चेहरा असा फुलला होता की मीही टाळ्या वाजवणार होते.

"पण डॉक्टर, मला फसवलं हो. त्या दुकानदाराने सदोष प्रत दिली. यात ती मुलगी परत येतच नाही! धुकं नाही, घंटा नाही... मी गेलो की परत दुकानात. चांगलंच वाजलं आमचं. तो म्हणतो पुस्तक असंच आहे. मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांनी वाचलंय, त्या खोटं सांगतील का?"

चारही रुग्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे चौऱ्याऐंशी चांदण्या.

"जुनी... जुनी आवृत्ती असेल ती," मी म्हणाले. "मी वाचलेली."

"तरीच!" तो खूश झाला आणि निघूनही गेला.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. शनिवारी मावशींनीच विषय काढला. त्यांची भाची सरांच्याच संघात होती, किंबहुना तो दात तिनेच तोडला होता.

"शाळा सुटली की जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालतायत म्हणे," मावशी म्हणाल्या. "धुळीने शिंकून शिंकून बेजार. ती जुनी आवृत्ती शोधून तुम्हाला भेट द्यायचीय. उद्या नदीपलीकडच्या रद्दीच्या गोदामात जाणारेत." मग माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारलं, "ती आवृत्ती आहे ना पण?"

जगात नसलेलं पुस्तक तो माझ्या एका शब्दावर शोधत हिंडत होता. तक्त्यावर खोटं लावणं वेगळं. पण हे कळल्यावर या माणसाला मी कायमचं गमावणार होते, आणि दोष माझाच होता.

मी बाहेर आले, स्टुलावर चढले आणि चांदण्या उपटायला लागले.

"अहो डॉक्टर, हे काय?" कवळी घ्यायला आलेले एक आजोबा म्हणाले.

"खोट्या आहेत या, आजोबा."

"माझ्या दातांसारख्या?"

"तुमचे चावतात तरी. या काहीच कामाच्या नाहीत."

सगळे बघत होते. पण एकेक निघत गेली तसं हलकं वाटत गेलं. सदतीस निघाल्या. उरल्या सत्तेचाळीस.

रविवारी सकाळी मी गोदामात पोचले तेव्हा सर शिडीवर होते, केसांत जळमटं, नाक लालबुंद.

"डॉक्टर! तुम्ही इथे? थांबा, एवढं एकच कपाट—"

"सर, खाली या. ती आवृत्ती नाहीये."

"असेल हो. हे गोदामवाले आजोबा म्हणतात—"

"कुठेच नाहीये. मी त्या पुस्तकाची एकशे चाळीस पानंच वाचलीत. धुकं, घंटा, तिचं परत येणं... सगळं मी रचलं. आणि तुम्हाला तोंडावर खोटं सांगितलं."

तो एकेक पायरी उतरत खाली आला.

"मी त्या दुकानदाराला चोर म्हणालो, डॉक्टर."

"माहीत आहे."

"आणि माझ्या संघातल्या मुलींना तुमच्याबद्दल सांगितलं. चौघींनी घरी तक्ते लावलेत."

"माझ्या तक्त्यावर आता सत्तेचाळीसच आहेत," मी कसंबसं म्हटलं. "काल काढल्या बाकीच्या. सगळ्यांसमोर."

"पण का केलंत असं?"

"चांदण्यांसाठी. लोकांनी वा म्हणावं म्हणून. पण तो शेवट... तो चांदणीसाठी नव्हता. तुम्ही आ करून पडला होतात आणि डोळ्यांनी विचारत होतात, येते ना ती परत? मला 'माहीत नाही' म्हणवेना. तुम्हाला वाईट वाटू नये असं वाटलं. मला कुणाबद्दल एवढं कधी वाटलं नव्हतं."

"राग आलाय मला," तो म्हणाला.

"कळतंय." मी वळले.

"निघालात कुठे? राग आलाय म्हटलं, जा नाही म्हटलं." त्याने पिशवीतून स्वतःची प्रत काढली, पुस्तकांचा एक गठ्ठा रुमालाने झटकला आणि सणसणीत शिंकला. "बसा. पान एकशे एक्केचाळीस."

आम्ही आळीपाळीने मोठ्याने वाचलं. तो प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचायचा, अवघड वाक्याला थांबून परत मागे जायचा. मी, पानं भराभर उलटणारी मी, त्याच्या बोटाबरोबर सावकाश चालत राहिले. दुपारी गोदामवाल्या आजोबांनी चहा दिला. एका पानावर आम्ही दोघंही इतके हसलो की त्यांनी येऊन विचारलं, काय झालं म्हणून. लहानपणची ती मुलगी, जेवायच्या हाका न ऐकणारी, तिथे त्या गठ्ठ्यावर बसली होती... मला तिची चाहूल अगदी स्पष्ट लागली!

शेवटच्या पानावर म्हातारा बाप दिवा विझवतो. जन्मात बेट न सोडलेला तो माणूस होडीत बसतो, आणि मुलीच्या शहराच्या दिशेने वल्हं मारतो. एवढंच.

"तुमचाच शेवट बरा," सर हट्टाने म्हणाले.

"छे! माझ्या शेवटात तो नुसता वाट बघत बसतो. इथे तो उठतो, निघतो. किती घाबरला असेल!"

"आणि तिच्या दाराशी पोचल्यावर काय म्हणेल?"

"ते पुस्तकात नाहीये."

"मग तुम्ही सांगा. रचा ना."

"रचणं सोडलं मी. खरं तेच सांगते. मला तुम्ही आवडता, सर. खूप आवडता. हे सांगायलाच मी आज नदी ओलांडून आलेय."

आता त्याच्या तोंडात ना कापूस होता, ना साचा. तरी त्याला शब्द फुटेना. त्याने माझ्या हातातलं पुस्तक काढून बाजूला ठेवलं आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तळवे धुळीने माखलेले, उबदार.

"मलाही," तो शेवटी म्हणाला. "तू मला आवडतेस. पहिल्या दिवशी तू 'गोल झाला का' विचारलंस ना... तेव्हापासून."

"झालं का वाचून?" आजोबा लांबून ओरडले. "बंद करायचंय मला!"

"झालं!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

बाहेर अजून ऊन होतं. अठ्ठेचाळीस पुस्तकं झाली होती, बावन्न राहिली होती आणि वर्षाचे दिवस उरले होते बहात्तर. शंभर काही होणार नव्हती, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. पुलापर्यंत पोचेतो एकोणपन्नासावं पुस्तक कोणतं घ्यायचं, यावरून आमचं कडाक्याचं भांडणही होऊन गेलं होतं.