खटका ओढल्यानंतर

कायदा निरीक्षकाला तोंडपाठ होता. मसुदा समितीत सगळ्यात जास्त बिस्किटं त्यानेच संपवली होती. इस्पितळातल्या यंत्राने फक्त सल्ला द्यायचा, निर्णय माणसाने घ्यायचा. पण डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेल्या गाठी यंत्राला दिसू लागल्या, माणसं वाचू लागली, आणि यंत्राला नाही म्हणायची डॉक्टरांची सवयच गेली. सगळे यंत्राला साहेब म्हणत.

आज साहेबांनी निरीक्षकाच्याच आईचं ऑपरेशन नाकारलं. ‘खाट मोकळी करावी.’

संशय आल्यास यंत्र बंद करून डॉक्टरांचा निर्णय नव्याने घ्यावा, असं कलम होतं. ते कोणी वापरेल असं समितीलाही वाटलं नव्हतं. भर दुपारी निरीक्षकाने तळघरात जाऊन लाल खटका ओढला. पंखे थांबले. पडदा काळा झाला.

“झोपले एकदाचे साहेब,” तंत्रज्ञ म्हणाला. “आता शिव्या घालायला हरकत नाही.”

वर सर्जनबाई चष्मा पुसत होत्या. सकाळी त्यांनीच त्याला जिन्यात गाठलं होतं. ऑपरेशन झालं नाही तर आई महिनाही काढणार नाही, पण साहेबांपुढे बोलणार कोण, म्हणाल्या होत्या.

“आता बोला, बाई. बंद केलंय ते.”

त्यांनी चष्मा लावला. “तुमची काळजी समजते. खाट मोकळी करावी.”

“अहो, सकाळी तुम्हीच...”

“तुमची काळजी समजते.”

आवाज त्यांचाच होता. फक्त दर दोन शब्दांमधलं अंतर अगदी सारखं.

बाहेर नर्स कुणाशी तरी खिदळत होती. तो दिसताच तिचं हसू मधेच थांबलं. “खाट मोकळी करावी.”

त्याने तळघरात फोन लावला. “चालू केलंस का रे ते?”

“छे हो! वायर काढून हातात धरलीय.” तंत्रज्ञ हसला. मग हसू थांबलं. “तुमची काळजी समजते.”

निरीक्षक वॉर्डकडे धावला.

आई उठून बसली होती. चादरीची घडी पायथ्याशी.

“आई, चल. दुसरीकडे नेतो तुला.”

तिने हातावरची चिकटपट्टी सोलली.

“अगं, काय करतेयस?”

ती सलाईनची सुई काढत होती. कित्येक वर्षांत तिला कप न सांडता धरता आला नव्हता. आता तो हात जराही थरथरत नव्हता.