राईहून आलेली हाक

हे ऐकून हसणारे मला बरेच भेटले. तुम्हीही हसा. पण निकेत माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि गेल्या वैशाखात, अमावास्येच्या टळटळीत दुपारी त्याच्यावर जे गुदरलं, त्यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

निकेत आणि त्याची धाकटी बहीण रुचिता सुक्या मासळीचा धंदा करायचे. शहरात इंद्रलोक भागात दुकान, आणि राई गावात खाडीलगत, तिथल्याच म्हाताऱ्या दशरथकाकांच्या जागेत गोदाम. राईचं नेट सारखं जायचं, ऑर्डरी हरवायच्या. म्हणून निकेतने दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर मेसेज रांगेत लावणारं सॉफ्टवेअर टाकलं. इकडून पाठवलेला मेसेज रांगेत थांबून राहतो. तिकडच्या मशीनने उचलला की आपोआप पोच येते.

निकेतला प्रत्येक गोष्टीत मस्करी सुचते. पोच म्हणून त्याने शब्द ठेवला... "ओ".

पहिली चाचणी. निकेत राईला, रुचिता दुकानात, फोन चालू. निकेतने मेसेज टाकला, "रुचिता".

लगेच उलट आलं... ओ.

"काय गुणाची बहीण! आयुष्यात पहिल्यांदा एका हाकेत ओ दिलीस!" निकेत खिदळला.

दारात बसलेले दशरथकाका मात्र उठून आत आले.

"पोरा, भर दुपारी खाडीवर कुनाला नावानं हाक मारू न्हाय. आन् पयल्या हाकेला ओ तर द्यायचीच न्हाय. तिसरीपर्यंत थांबायचं. ओ मिळाली न्हाय, तर खाडीवरल्या भुताला तिसरी हाक मारता येत न्हाय."

निकेतची आई, म्हणजे रत्नागिरीत वाढलेली माझी आत्या, तीसुद्धा त्याला लहानपणापासून हेच बजावत आलेली.

"काका, ही मशीनची हाक आहे हो," निकेतने उडवून लावलं.

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. स्क्रीन काळी झाली.

फोनवर रुचिता वैतागली. "दादा, बस कर ना! किती वेळा माझं नाव पाठवतोयस?"

"मी? अगं, इथे लाइट नाही. मशीन बंद पडलीय."

"मग हे काय येतंय? रुचिता... रुचिता... आणि माझी मशीन प्रत्येकाला ओ देतेय."

"प्लग काढ. आधी प्लग काढ!"

खट्ट.

"काढला," ती म्हणाली.

आणि मग...

"दादा, तू इथे कधी आलास?"

"कुठे?"

"बाहेर. शटरच्या बाहेरून हाक मारतोयस ना?"

निकेत जिवाच्या आकांताने ओरडला, "तो मी नाही! ओ देऊ नकोस! रुचिता!"

पण तिने फोन टेबलावर ठेवला होता. लांबून तिचा आवाज आला... "ओ. आले दादा."

शटर वर गेलं.

निकेतने बाइक कशी हाणली, त्याचं त्याला माहीत. फ्लायओव्हर ओलांडून तो इंद्रलोकला पोचला. शेजारचा स्टेशनरीवाला चंदन दुकानासमोर उभा होता. निकेतला पाहताच तो दोन पावलं मागे सरकला.

"निकेतभाई... आप ही तो बुलाके ले गए थे उसको. फिर वो अकेली वापस आयी..."

रुचिता टेबलाखाली अंग चोरून बसली होती. निकेत तिच्याजवळ वाकला.

"रुचू, मी आहे गं."

त्याचा आवाज ऐकला मात्र, ती अशी किंचाळली की बिल्डिंगमधली माणसं खाली धावत आली.

डॉक्टर झाले, देवदेवस्की झाली. रुचिता आता नीट जेवते, आईशी बोलते, माझ्याशीही बोलते. ती कुठे गेली होती, ते मात्र सांगत नाही. आणि भावाचा आवाज तिला सहन होत नाही. निकेतने घरात बोलणंच टाकलंय. पाणी हवं असलं तरी हाताने खूण करतो. सख्ख्या बहिणीसमोर मुका झालेला हा माणूस बघून माझा जीव तुटतो.

गेल्या रविवारी मी नवघरला त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. दुपारची वेळ. निकेत माझ्या समोरच बसला होता, मान खाली घालून, गुपचूप जेवत.

अचानक रुचिताने दोन्ही कान गच्च दाबून धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"दादा, पुरे ना आता," ती म्हणाली. "किती बोलशील..."