बारावी सुई

मला तो पहिल्यांदा जिन्यात दिसला. चार पायऱ्या चढायचा, तीन उतरायचा. कानावर पेन्सिल, हातात रुमाल आणि नजर आमच्या दवाखान्याच्या पाटीवर. एकोणीसशे त्र्याऐंशीचा एप्रिल. सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी धरमपेठेत ऊन तापायला लागलं होतं.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

"मी... मीटर पाहाले आलो."

मीही काही कमी नव्हते. जिन्यातलं विजेचं मीटर त्याला दाखवलं. बिचाऱ्यानं ते मन लावून पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली, कागद शोधला आणि सापडेना तेव्हा तळहातावरच आकडे लिहिले!

"झालं? आता वर चला," मी म्हटलं. "सुईले भिऊन इथं थांबणारे तुम्ही काही पहिले नाई."

तो हसला. पण हसतानाही त्याचा जबडा आवळलेलाच राहिला. डॉ. इंदुताईंच्या हाताखाली मला दोन वर्षं झाली होती. माणूस कुठे आखडलाय, ते माझ्या डोळ्यांना आपोआप दिसायचं.

इंदुताई कलकत्त्याहून अ‍ॅक्युपंक्चर शिकून आलेल्या. अर्धं नागपूर त्यांना हसायचं आणि उरलेलं अर्धं गुपचूप त्यांच्याकडे यायचं. त्यात पुरुषच जास्त. "पुष्पा, बाईला टेन्शन आलं तर ती बोलून तरी टाकते," ताई म्हणायच्या. "पुरुष मात्र कंबर दुखते म्हणून सांगतो."

यानंही कंबरच सांगितली. ताईंनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि एवढंच विचारलं, "झोप लागते?"

आणि मग सगळंच बाहेर आलं. नाव रुपराव गजभिये. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात कामाला. दिवसभर डोक्यावर हेडफोन, समोर गाड्यांचा तक्ता. कुठली मालगाडी कुठे थांबवायची, कुठली आधी सोडायची, ते यानं सांगायचं. घरी आला तरी कानात "हॅलो कंट्रोल" सुरूच. झोपेत दात खायचा. आईवर ओरडायचा आणि मग स्वतःच जेवायचा नाही.

"काम मले आवडते, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "पण आता नाई जमून राहिलं. अर्ज लिहून ठेवला."

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. मला कंट्रोलमधून मोकळं करा, बल्लारशाकडच्या कुठल्याही लहान स्टेशनावर पाठवा, असं त्यात होतं. सही झालेली होती. तारीख तेवढी टाकायची राहिली होती.

"दहा दिवस माझ्याकडे या," ताई म्हणाल्या. "अकराव्या दिवशी खुशाल तारीख टाका."

आमच्याकडे सुया ताई लावायच्या आणि काढायची मी. नियम एकच. बारा लावल्या तर काढताना मोठ्यानं बारा मोजायच्या. पहिल्या दिवशी रुपराव डोळे घट्ट मिटून माझ्याबरोबर पुटपुटत होता. तिसऱ्या दिवशी त्याला तिथेच झोप लागली. वाळ्याच्या ताटीचा ओला वास खोलीभर होता, आणि त्याचा जबडा पहिल्यांदा सैल पडलेला मी पाहिला. काम सोडून पाहतच राहिले, खोटं कशाला बोलू?

पाचव्या दिवशी त्याच्या आईनं वाटीभर कैरीचा तक्कू पाठवला.

"हे कशाबद्दल?" मी विचारलं.

"काल मी भांडलो नाई त्याबद्दल."

"अख्खा दिवस?"

"संध्याकाळपर्यंत... नंतर थोडंसं. पण आईनं तेवढंही धरलं."

मी हसले. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मी उगाचच स्पिरिटचा बोळा शोधायला लागले. घरी जाऊन आरशासमोर स्वतःलाच रागावले. बरा झाला तर त्याचं येणं बंद, नाही झाला तर बल्लारशा! तरीही तो बरा व्हावा असंच मला वाटायचं, अगदी मनापासून.

नवव्या दिवशी मी सुया काढत होते. "सहा... सात... आठ..."

त्यानं डोळे उघडले. "उद्या दहावी बैठक न?"

"हो, दहावी."

"मग परवापासून तुम्हाले पाहाले... कसं यायचं?"

माझे कान तापले. "दहा," मी म्हटलं, "अकरा, बारा. झालं, उठा आता." तो उठला, केसांवरून अलगद हात फिरवला आणि ड्यूटीवर गेला.

दुपारी उकळायला टाकताना सुया मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच! आठानंतर मी सरळ दहा म्हटलं होतं. नववी सुई मोजण्यातही नव्हती आणि ट्रेमध्येही नव्हती. मी ट्रे घेऊन तशीच ताईंकडे धावले.

"कुठली राहिली?" ताईंनी विचारलं.

"डोक्यावरची. नववी तीच."

"ती आडवी असते, केसांत बसून राहते. घाबरू नकोस. पण मोजणी तुझी होती. जा, तूच काढून आण."

सायकल कशी दामटली ते माझं मलाच माहीत. कंट्रोल ऑफिसात चपराशानं त्याला बाहेर बोलावलं. हेडफोन गळ्यात अडकवलेला, मान अगदी ताठ.

"रुपराव, वाका."

"काहून?"

"वाका म्हणते न!"

तो तिथेच व्हरांड्यात माझ्यापुढे वाकला. सुई ताईंनी लावली तशीच होती. मी ती काढली, मोठ्यानं "बारा" म्हटलं आणि मला रडूच कोसळलं.

"अवं, रडून काहून राहिली?" घाबरून तो 'तुम्ही' म्हणायचंच विसरला. "मले माहीत होतं न. हेडफोन घातला तसा पट्टा टोचला. म्हटलं, आज तिघं रजेवर, काम डबल. ताईनं मुद्दाम ठेवली असन. मग पट्टा मानेमागून घेतला."

"मग काढून का नाई टाकली?"

"तुम्ही काढता न रोज... दुसऱ्या कोणी कशी काढायची?"

मी डोळे पुसले. "ती ठेवलेली नव्हती. चुकून राहिली. तुम्ही ते विचारलं... आणि माझं लक्ष..."

"माह्याकडे होतं?"

"सुयांकडे नव्हतं, एवढं खरं."

तो हसला. या वेळी अख्खा चेहरा हसला, जबड्यासकट. "तीन तासांत एकावरही ओरडलो नाई, पुष्पलताबाई. ओरडलं की डोकं हालते, अन् सुई पडली तर तुमची मोजणी चुकन, असं वाटे. आता समजलं, ती इलाजाची नव्हतीच. म्हंजे सुईबिगर बी जमते मले."

सुई न्यायला मी काहीच आणलं नव्हतं. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून पुढे केला.

"अहो, हा तर तुमचा अर्ज!"

"सुई गुंडाळा त्यात. आता नाई लागत." मग नजर खाली घालून म्हणाला, "उद्या दहावी बैठक. अकराव्या दिवशी बी येईन... मीटर पाहाले."

"मीटर जिन्यात आहे," मी म्हटलं. "तुम्ही सरळ वर या."

दवाखान्यात परतले तेव्हा ताईंनी पुडी उलगडली, सुई ट्रेमध्ये टाकली आणि बारा मोजल्या. मग अर्ज वाचला. मग माझा चेहरा. मी बोलणी खायला तयार होऊन उभी होते.

"सुई माझी," कागदाची घडी माझ्या हातात देत ताई म्हणाल्या, "हा तू ठेव."

पुढच्या मे महिन्यात आमच्या लग्नात वधूपक्षाकडून सर्वांत पुढे इंदुताईच बसल्या होत्या. रुपरावांना झोप देणारा त्यांचा हात आणि मला तेव्हा न रागावणारं त्यांचं मन, दोन्हींचे उपकार मी विसरले नाही. तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. तारखेच्या कोऱ्या जागी सुईचं एक बारीक भोक आहे.