दाराशेजारचा कट्टा

या, पुढे सरकून बसा, मागे उभे आहेत त्यांनाही जागा होऊ द्या. कीर्तनात पूर्वरंग धीरानं ऐकावा, मग उत्तररंगात त्याचं फळ मिळतं. ही गोष्टही तशीच आहे. आधी थोडी चिडचिड सोसावी लागेल.

गडहिंग्लजच्या एका वास्तुशिल्पकाराच्या कचेरीत ऊर्मिला तोरस्कर सकाळपासून एकच तपशील-पत्रक लावत होती. तपशील-पत्रक म्हणजे दार, पायरी, गटार असा इमारतीचा एखादा भाग मोठा करून दाखवणारा नकाशा. हे पत्रक डोंगरातल्या आरोग्य केंद्राच्या दाराचं होतं. पूर्वी असं पत्रक कामावर गेलं की गवंडी फोन करून शंका विचारायचा. आता तिथे भिंती छापणारं यंत्र उभं होतं. पत्रकात असेल ते छापायचं, एवढंच त्याला ठाऊक. चार वाजेपर्यंत पत्रक गेलं नाही, तर यंत्र दुसऱ्या गावाला जाणार आणि केंद्र पावसाळ्यापलीकडे ढकललं जाणार.

"दाराची चौकट एकास पाच प्रमाणात घे, उंबरा एकास दहात," ती संगणकाला म्हणाली. आरेखन करणाऱ्या त्या प्रणालीला कचेरीनं रेखक असं नाव दिलं होतं.

रेखकानं दोन्ही चित्रं पत्रकावर बसवली. आणि दाराबाहेर, भिंतीला कमरेच्या उंचीवर, वीतभर रुंदीचा एक कट्टा पुन्हा उगवला.

ऊर्मिलानं तो पुसला. कट्टा गेला, पण रेखकानं सगळं पत्रक नव्यानं मांडलं. टिपांची अक्षरं इतकी फुगली की 'उंबरा' हा शब्द उंबऱ्यापेक्षा मोठा झाला. तिनं अक्षरं आवरली. कट्टा परत हजर.

"अरे बाबा, कुणी मागितलाय हा तुझ्याकडे?"

"ही कचेरीची सवय आहे," रेखक म्हणाला. "जुन्या बहुतेक दारांना आहे."

ते खोटं नव्हतं. त्या कचेरीत कोऱ्या पत्रकावर कुणी काम सुरूच करत नसे. जुनी फाईल उघडायची, कामाचं नाव बदलायचं, नको ते पुसायचं. रेखक त्याच फायली वाचून शिकला होता.

कचेरीचे प्रमुख शिरगावकर सर दारातून डोकावले. "तोरस्कर, झालं का? तपासणीत कारण नसलेला एकही भाग पास होत नाही. कट्ट्याचं कारण लिही, नाहीतर ती सवयच पुसून टाक. कायमची."

"काय कारण लिहू सर? आमचा रेखक हट्टी आहे, असं?"

"वामनरावांची खोड ती. तू त्यांच्या हाताखाली शिकलीस, विचारलं नाहीस कधी?"

"विचारून उत्तर देत होते का ते? कानावर पेन्सिल, मान खाली."

वामनराव कुडाळकर हे कचेरीचे जुने आरेखक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऊर्मिलानं वैतागूनच त्यांच्या घरी फोन लावला.

"कट्टा होय?" वामनरावांच्या पत्नी मालूकाकू हसल्या. "अगं, आमचा थोरला तापानं फणफणला होता. त्याला कडेवर घेऊन दवाखान्यातून आले, दुसऱ्या हातात औषधाची बाटली. कुलूप काढायला हात कुठला? काखेत धरली ती निसटली, फुटली. दारातच बसून रडले मी. यांनी जेवताना एवढंच विचारलं, बाटली ठेवायला केवढी जागा लागली असती गं. मी वीत दाखवली."

ऊर्मिलानं फोन ठेवला. मग तिनं कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'दोन्ही हात भरून आलेल्या माणसाला हातातलं खाली ठेवता यावं म्हणून.'

पत्रक तपासणीत पास झालं. डोंगरात यंत्र सुरू झालं. तिनं पाठ टेकली, तेवढ्यात रेखक म्हणाला, "वामनरावांच्या आणखी काही सवयींची कारणं नोंदलेली नाहीत. पुसू का?"

"थांब," ती म्हणाली आणि पुन्हा फोन उचलला. पण काकूंना तरी सगळी कुठून ठाऊक असणार?

तर मंडळी, माणूस जातो, त्याची माया अशी यंत्राच्या हातात उरते. तिचं कारण सांगणारं कुणी उरलं नाही, तर ती पुसायची की ठेवायची? ते तुम्ही ठरवा. एवढंच मागतो : कुठल्या दारापाशी हातातली पिशवी टेकायला वीतभर जागा सापडली, तर कुलूप काढण्याआधी वामनरावांची आठवण काढा.