मागं कोण बसतं?

लाइट रात्री साडेनऊला गेली ती गेलीच. टर्नरकाकांनी बॅटरी पेटवून लेथ पुसलं आणि खुर्ची शेडच्या दारात ओढली. मोटारसायकलवाली तीन पोरं अजून तिथंच घुटमळत होती. त्यातल्या दाढीवाल्याची नजर मघापासून खिळ्याला टांगलेल्या शॉकॲब्सॉर्बरवर होती. पिवळी जाड स्प्रिंग, बाजूला गॅसची छोटी डबी. गाडीबरोबर येतो तो नव्हे. हौसेनं वेगळा घेऊन बसवतात, तसला.

"काका, हा द्या ना मला. माझा मागचा पार बसलाय. हा इथं नुसता धूळ खातोय."

"धूळ खातोय तेच बरं. माणसं खाण्यापेक्षा."

पोरं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी शॉक काढला, फडक्यानं पुसला आणि बॅटरी त्याच्या दांड्यावर धरली. दांड्याला काळ्या रबराचा बारीक छल्ला होता.

"हा बघून ठेव. शॉक दबला की छल्ला दांड्यावरून खाली सरकतो आणि तिथंच राहतो. शॉक परत वर येतो, छल्ला येत नाही. किती ओझं आलं होतं ते नंतर कळतं." स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून बोट घालून त्यांनी छल्ला पार वर सरकवला आणि शॉक पुन्हा खिळ्याला अडकवला. "आता बसा. ज्याचा हा होता, त्याच्याच तोंडून मी ऐकलंय. ऐकीव गप्पा नाहीत."

बॅटरी विझली.

थंडी पडायला लागली होती. महिन्याचा शेवटचा शनिवार, दहाला दहा मिनिटं कमी. ज्याचा हा शॉक, त्या धाकट्याला वहिनीनं काम अगदी साधं सांगितलं होतं.

"भावोजी, काचेच्या कारखान्याच्या गेटवर ह्यांचं सामान पडलंय. डबा, स्वेटर आणि कमरेचा दुसरा पट्टा. रात्रपाळीचा माणूस देतो म्हणालाय. तेवढं आणता?"

धाकट्यानं मान हलवली. थोरल्या भावाला जाऊन महिना उलटला होता. नको म्हणायला तोंड नव्हतं.

तोंड त्याला आधीही नव्हतं, आणि सगळं तिथंच बिघडलं. थोरला गेटवर रात्रपाळी करायचा. शिडीवरून पडून त्याच्या कमरेचा मणका सरकला होता, तेव्हापासून पट्टा बांधून बसायचा. रोज रात्री त्याला पुलापलीकडं सोडायचं, सकाळी आणायचं, हे काम धाकट्याचं. दोस्त शनिवारी गाड्या काढून घाटात जायचे आणि हा भावाला घेऊन वीसच्या वेगानं कारखान्याकडं. लहानपणी पायाला गळू झालं तेव्हा ह्याच भावानं त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवलं होतं, अख्खं एक वर्ष. असल्या माणसाला तोंडावर कसं सांगणार, की दादा, तू बसनं जा?

माणूस नकोसा झाला तर तोंडानं सांगावं. तो रडेल, भांडेल, पण जगेल. धाकट्यानं सांगितलं नाही. त्यानं नवा शॉक आणला.

मिस्त्रीनं गाडी डबल स्टँडवर घेतली, तेल गळणारा जुना शॉक काढला, नवा बसवला. मग नेहमीचा प्रश्न विचारला. कुठलाही जाणता मिस्त्री हा प्रश्न विचारल्याशिवाय शॉकला हात लावत नाही.

"मागं कोण बसतं?"

"दादा बसतो. पण त्याच्यासाठी नको लावूस."

"म्हणजे?"

"स्प्रिंग शेवटपर्यंत आवळ. आणि उसळी मोकळी सोड."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "अरे, तू पुढं आहेस, तुला कळणार पण नाही. मागचा चेंडूसारखा उडेल. त्याचं कंबरडं आधीच..."

"उडू दे की. चार दिवस उडेल, मग आपणहून म्हणेल, मी बसनं जातो."

धाकटा हसला. मिस्त्रीनं पाना उचलला. गिऱ्हाईक सांगेल तसं, असं मनाशी म्हणत त्यानं शेवटपर्यंत आवळलं.

चार दिवस झाले. पंधरा झाले. थोरला बसनं गेला नाही. प्रत्येक गतिरोधकाला मागून आवाज यायचा, "हं". ओरडणं नव्हे, कण्हणं नव्हे. पोतं खाली ठेवताना हमालाच्या तोंडून निघतो तेवढाच.

एकदा म्हणाला, "जरा हळू घेशील का रे?"

"हळूच आहे दादा. रस्ताच असा."

घरी वहिनीनं विचारलं, पाठीवर हे वळ कसले? थोरला म्हणाला, "काही नाही गं. रस्ताच असा आहे म्हणतो तो." आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर बसताना धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शॉक मात्र झकास घेतलास हो. वळणावर गाडी अजिबात डोलत नाही."

ते कौतुक धाकट्याला झोंबलं. त्या दिवसापासून तो खड्डे चुकवेनासा झाला. मग शोधायला लागला.

पुलाच्या मधोमध दोन भाग जोडणारी लोखंडी पट्टी आहे, बोटभर वर आलेली. एका रात्री त्यानं ती साठच्या वेगानं घेतली. खाडकन आवाज झाला. आणि गाडी हलकी झाली.

त्याला ते आवडलं. हे त्यानं स्वतः सांगितलं. गाडी हलकी झाली आणि आधी बरं वाटलं. पूल संपेपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

"मग?" दाढीवाल्यानं अंधारात विचारलं.

"मग काय. थोरल्याचं डोकं पट्टीवर आपटलेलं, जागीच गेला. धाकटा लोकांना म्हणाला, दादाला चक्कर आली. लोक म्हणाले, बिचारा."

तर, तो शनिवार. गेटवरच्या माणसानं पिशवी दिली. वर म्हणाला, "तोच का रे तो शॉक? तुझा भाऊ फार कौतुक सांगायचा." धाकट्यानं पिशवी हँडलला अडकवली. मागच्या सीटवर ठेवायचा धीर झाला नाही.

गाडी सुरू केली. गिअर टाकला. आणि गाडीचं ढुंगण खाली बसलं.

हळूच. सुरू असलेल्या गाडीवर कुणी सवयीचा माणूस पाय टाकून बसतो, तसं.

पुढचा दिवा रस्ता सोडून वर उचलला गेला. आधी झाडांच्या बुंध्यांवर. मग फांद्यांवर. पुढचा रस्ता काळा.

धाकटा थांबला. उतरून टायर दाबला. हवा गच्च. वाकून मोबाइलचा उजेड शॉकवर टाकला. गाडीवर कुणी नव्हतं. स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकली होती. दोघं बसूनही जी कधी हलली नव्हती, ती.

घर पुलापलीकडं होतं. दुसरा रस्ता नव्हता. तो बसला.

पहिला गतिरोधक आला. त्यानं अगदी सावकाश घेतला.

"हं."

त्यानं आरसा फिरवून ठेवला. बघायचं नव्हतं.

दुसरा.

"हं."

"दादा?"

...

"दादा, मी हळू चालवतो. हे बघ, किती हळू चालवतोय."

...

"दादा, उतर ना."

...

पूल आला. वारा पडला होता. दिवा वर, आभाळात. खाली काही दिसत नव्हतं, पण ती पट्टी त्याला न बघता ठाऊक होती.

"इथं त्याला संधी होती," काका म्हणाले. "उतरून गाडी ढकलत नेली असती. निदान हळू घेतली असती. माफी मागायला पूल काय वाईट जागा आहे? पण सवय. एकदा जमलेलं माणूस पुन्हा करून बघतो."

त्यानं मूठ पिळली.

साठ. सत्तर.

खाडकन.

दिवा खाली आला. रस्ता दिसला. स्वच्छ, मोकळा. गाडी हलकी. धाकटा एकटाच मोठ्यानं हसला.

मग हसू थांबलं.

ओझं सीटवरून उतरलं होतं. गाडीवरून नाही.

ते त्याच्या पाठीवर होतं. पाठुंगळी. दोन हात गळ्याभोवती. घट्ट नाही... पडू नये म्हणून पोर धरतं, तेवढेच. दोन गुडघे कमरेला दोन्हीकडून. आणि कानामागं श्वास. गरम नाही. गार नाही. नुसता दमलेला.

पुलाच्या उतारावर खड्डा होता.

"हं."

हा आवाज मागून आला नव्हता. त्याच्या स्वतःच्या तोंडून आला होता.

पुढचा खड्डा.

"हं."

पुढचा...

वहिनीनं दार उघडलं तेव्हा गाडी दारात उभी होती, इंजिन चालू, आणि धाकटा टाकीवर ओणवा झालेला. कुणी पाठीवर बसलं की माणूस होतो तसा.

"वहिनी, उतरवा."

"तुम्हाला?"

त्यानं खांद्यामागं बोट दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, मणका सरकलाय. थोरल्याचा होता तोच. तापात तो तीन रात्री सगळं बडबडला. मिस्त्री, पाना, पट्टी, गाडी हलकी झाली ते. वहिनी उशाशी बसून ऐकत होती. तिनं त्याला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. दवाखान्यात न्यायला दर आठवड्याला रिक्षा तीच बोलवायची. नवऱ्याचा पट्टा त्याच्या कमरेला तीच बांधायची.

एकदा रिक्षावाला म्हणाला, "बाई, पेशंट कण्हतोय. जरा हळू घेऊ का?"

वहिनी समोर बघत म्हणाली, "कशाला? घ्या तुम्ही. रस्ताच असा."

दाढीवाल्यानं अंधारात घसा साफ केला. "आणि शॉक?"

"मिस्त्रीनं गाडी नेली, बघतो तर छल्ला पार तळाला. त्यानं वर सरकवला, गाडी डबल स्टँडवर लावून गॅरेजला कुलूप घातलं. सकाळी तळाला. शेवटी शॉकच काढून माझ्याकडं टाकला आणि गाव सोडलं." काकांनी खुर्ची मागं सरकवली. "तुला हवाय ना? ने. पण आधी सांग, तुझ्या मागं कोण बसतं?"

"वडील," दाढीवाला म्हणाला. मग म्हणाला, "कधीमधी."

"काय बोलतोस त्यांच्याशी? गाडी चालवताना?"

लाइट आली. बाकीच्या दोघांचे डोळे दिपले. दाढीवाला मात्र खिळ्याकडंच बघत होता. शॉक हवेत लटकत होता, खाली जमीन नाही, वर सीट नाही.

छल्ला दांड्याच्या तळाला टेकला होता.